दोषाची टक्केवारी आणि वकिलांचे काम: जळगावातील एका अपघात-दावा कार्यालयाचे परीक्षण

जळगावात मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या एका वकिलांच्या कार्यालयाची सेवा आमच्या कुटुंबाने माझ्या भाच्यासाठी घेतली, आणि निवाडा हाती आल्यानंतर त्या सेवेचे परीक्षण सविस्तर लिहावे असे ठरवले. बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना जाहिरात करण्यास मनाई केलेली आहे. माझे लिखाण आडमार्गाने कोणाची जाहिरात होऊ नये म्हणून मी कार्यालयाचे नाव देत नाही. किती रक्कम मिळाली यावरून वकिलाची पारख करण्याची आपल्याकडे सवय आहे, पण अपघाताच्या दाव्यात ती पारख अपुरी पडते. जखमी माणसाचीही थोडी चूक होती असा आरोप विमा कंपनी जवळजवळ नेहमीच करते, आणि त्या आरोपाला वकील कसे उत्तर देतो यावर दाव्याचे खरे मोल ठरते. म्हणून या परीक्षणाचा भर त्याच एका प्रश्नावर आहे.

भाचा विहिरींतून पाणबुडी मोटारी काढून त्या दुरुस्त करण्याचे काम करतो. २०२२ च्या डिसेंबरात अंधार पडल्यावर तो आणि त्याचा मित्र मोटारसायकलवरून अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याने परत येत होते. केळीच्या घडांनी भरलेली एक ट्रॉली ट्रॅक्टरसह निम्मी डांबरावर आणि निम्मी साइडपट्टीवर उभी होती. तिला मागचा लाल दिवा नव्हता आणि परावर्तक पट्टी चिखलाने झाकली गेली होती. समोरून येणाऱ्या ट्रकचा प्रकाश डोळ्यांवर पडला आणि मोटारसायकल ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. भाच्याच्या उजव्या पायाची दोन्ही हाडे मोडली, आत सळई घालावी लागली आणि गुडघा आता पूर्ण वाकत नाही. मित्राचे मनगट आणि खांदा मोडला. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात राहणाऱ्या कोणालाही अशी ट्रॉली पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शेतातून घड भरून निघालेले वाहन रात्री रस्त्यालगत उभे करणे येथे इतके रुळले आहे की त्यात काही गैर आहे असेही कोणाला वाटत नाही.

आम्ही कार्यालयात गेलो तेव्हा आमच्या हातात निराशा वाटावी असेच कागद होते. ट्रॅक्टरचालकाच्या सांगण्यावरून पहिला गुन्हा माझ्या भाच्यावरच दाखल झाला होता, आणि पंचनाम्यात मोटारसायकल भरधाव होती असे लिहिले होते. भाच्याने हेल्मेट घातले नव्हते. त्याच्या वाहन परवान्याची मुदत संपून काही महिने झाले होते. एका परिचिताने तर आधीच सांगून टाकले होते की पोलिसांनी तुमच्यावरच गुन्हा लावला असेल तर भरपाईचा विषय संपला. कार्यालयातील ज्येष्ठ वकिलांनी सगळे कागद शांतपणे वाचले आणि पहिल्याच बैठकीत या चारही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या. त्या बैठकीचे मला आजही कौतुक वाटते.

त्यांनी सांगितलेले तत्त्व असे. जखमी माणसाच्या स्वतःच्या निष्काळजीपणाचाही अपघातात वाटा असेल, तर त्याला योगदायी निष्काळजीपणा म्हणतात, आणि त्या वाट्याच्या प्रमाणात भरपाई कमी होते. दावा मात्र बुडत नाही. इंग्लंडमध्ये एके काळी जखमी माणसाची थोडी जरी चूक असली तरी त्याला काहीच मिळत नसे, आणि १९४५ च्या कायद्याने तेथे वाटणीची पद्धत आणली. भारतात या विषयावर तसा स्वतंत्र कायदा नाही, तरीही आपली न्यायालये वाटणीचेच तत्त्व लावतात आणि टक्केवारी पुराव्यावरून ठरवतात. चूक असणे आणि त्या चुकीमुळे अपघात घडणे या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. विमा कंपनी पहिली दाखवून दुसरी सिद्ध झाल्यासारखे बोलते, आणि वकिलाने नेमके तेथेच तिला थांबवावे लागते.

परवान्याचा मुद्दा त्यांनी सर्वांत आधी बाजूला काढला. परवाना नसणे किंवा त्याची मुदत संपलेली असणे हा गुन्हा असू शकतो, पण तेवढ्याने योगदायी निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. २०२० च्या मोहम्मद सिद्दीक प्रकरणात तर एका मोटारसायकलवर तिघे बसले होते आणि उच्च न्यायालयाने त्यासाठी दहा टक्के कपात केली होती. तिघे बसल्यामुळे अपघात झाला किंवा त्याची तीव्रता वाढली असा पुरावा नसताना कपात करता येणार नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. हेल्मेटच्या बाबतीतही हाच विचार लागू होतो. भाच्याची सगळी दुखापत पायाची होती, आणि हेल्मेट असते तर पाय वाचला असता असे कोणीही म्हणू शकत नाही. डोक्याला इजा झाली असती तर मात्र हा मुद्दा आमच्या विरोधात वजनदार ठरला असता, हेही वकिलांनी तेव्हाच बजावून सांगितले. पोलिसांच्या गुन्ह्याविषयी त्यांचे उत्तर असे होते की दावा न्यायाधिकरणावर फिर्यादीतील मजकुराचे बंधन नसते, तेथे शक्यतेचे पारडे कोणाकडे झुकते हे पाहिले जाते, आणि पंचनामा म्हणजे घटनेनंतर केलेली नोंद असते, घटनेचा साक्षीदार नव्हे.

चौथी गोष्ट होती वेग, आणि येथे त्यांनी आम्हाला दिलासा देण्याचे नाकारले. भाचा साठच्या आसपास वेगाने येत होता, आणि समोरच्या प्रकाशाने काही दिसेनासे झाल्यावरही त्याने वेग पुरेसा कमी केला नाही. घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह होता की शपथपत्रात ताशी तीस किलोमीटर लिहावे. वकिलांनी सांगितले की असे शपथपत्र ते दाखल करणार नाहीत, कारण मोडलेल्या मोटारसायकलची छायाचित्रे उलटतपासणीत समोर आली की तीसचा आकडा टिकणार नाही, आणि एक आकडा खोटा ठरला की ट्रॉलीला दिवा नव्हता हे खरे विधानही संशयात जाईल. ‘आप्पा, थोडा दोष आपण होऊन मान्य केला तर थोडाच राहतो, लपवला तर न्यायाधीश तो मोठा धरतात,’ हे त्यांचे शब्द मी जसेच्या तसे देत आहे. कायद्याच्या पुस्तकात असा नियम नाही. पण साक्षीच्या पिंजऱ्यात भाच्याने वेग सरळ सांगितला तेव्हा विमा कंपनीच्या वकिलांची बरीच प्रश्नावली निरुपयोगी झाली, हे मी स्वतः पाहिले आहे.

दोषाचा दुसरा पक्ष, म्हणजे ट्रॉली, उभा करण्यासाठी कार्यालयाने घेतलेले कष्ट या सेवेचा सर्वांत भक्कम भाग ठरले. मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ इतरांना धोका होईल अशा स्थितीत वाहन रस्त्यावर सोडण्यास मनाई करते, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांत परावर्तक व दिवे यांची सक्ती आहे. कार्यालयातील एक तरुण वकील अपघाताच्या जागी अंधार पडल्यावर गेले, डांबराची रुंदी मोजली, जवळचा पथदिवा कोठे आहे ते नोंदवले आणि शेजारच्या शेतातील एका माणसाशी अहिराणीत बोलून त्याला साक्षीसाठी तयार केले. अपघातानंतर गावातील मुलांनी मोबाइलवर काढलेली छायाचित्रे त्यांनी मूळ फोनसह जपून ठेवायला सांगितली, आणि त्यांपैकी एका छायाचित्रात ट्रॉलीचे चाक डांबरावर असल्याचे स्पष्ट दिसत होते. दिवे न लावता उभ्या असलेल्या वाहनावर मागून आदळलेल्या माणसाच्या माथी निम्मा दोष मारण्याची प्रवृत्ती सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत मोडून काढली आहे. २०१८ च्या अशा एका प्रकरणात उभ्या टँकरवर मोटार आदळली होती आणि उच्च न्यायालयाने धरलेला पन्नास टक्के दोष सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकला. हा निकाल त्यांनी युक्तिवादाच्या वेळी वाचून दाखवला. परंतु निकालांच्या आधी छायाचित्र आणि साक्षीदार ठेवले, म्हणूनच निकाल उपयोगी पडले, असे माझे मत आहे.

मित्राच्या दाव्याबाबत त्यांनी घेतलेली भूमिका मला अनपेक्षित होती. मागे बसलेल्या माणसाचा अपघातात काहीही दोष नव्हता. त्याच्या दृष्टीने तो अपघात दोन चालकांच्या संयुक्त निष्काळजीपणाचा होता, आणि अशा वेळी २०१५ च्या खेन्येई प्रकरणातील निकालानुसार जखमी माणूस दोषींपैकी कोणा एकाकडूनही संपूर्ण भरपाई वसूल करू शकतो. चालकाचा दोष मागच्या माणसाच्या खात्यात टाकता येत नाही, हे २०२४ च्या एका निकालातही पुन्हा सांगितले गेले आहे. म्हणजे एकच अपघात, एकच ट्रॉली, एकच विमा कंपनी, पण भाच्याची रक्कम त्याच्या दोषाइतकी कमी होणार आणि मित्राची होणार नाही. वकिलांनी मित्राला हे सगळे समजावून सांगितले आणि मग दुसऱ्या वकिलाकडे जाण्यास सुचवले, कारण भाच्याचा दोष कमी दाखवणे हे भाच्याच्या हिताचे असले तरी मित्राच्या दाव्यात चालकाच्या दोषाविषयी मोकळेपणाने बोलावे लागू शकते, आणि दोन्ही वकीलपत्रे एकाच कार्यालयाने घेणे योग्य नाही. हातात आलेले काम नीतीसाठी सोडणारे कार्यालय विरळ, आणि केवळ या एका निर्णयासाठी मी त्यांना मनापासून चांगले गुण देतो.

दोष कोणाचा हे न विचारताच मिळणाऱ्या रकमेचा मार्गही त्यांनी आमच्यापुढे ठेवला होता. मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ नुसार मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये निष्काळजीपणा सिद्ध न करता मिळू शकतात, पण ती रक्कम विहित पद्धतीने स्वीकारली की कलम १६६ खालचा, म्हणजे दोष सिद्ध करून पूर्ण भरपाई मागण्याचा, अर्ज संपुष्टात येतो. ज्याची दुखापत मर्यादित आहे आणि ज्याचा स्वतःचा दोष मोठा आहे, त्याच्यासाठी हा मार्ग विचार करण्याजोगा आहे. भाच्याच्या कायमच्या अपंगत्वापुढे अडीच लाख फारच कमी होते. त्याच दुरुस्तीने कलम १६६ खालच्या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले आणि अर्ज मुदतीत दाखल केला. भुसावळच्या वाचकांसाठी येथेच नोंदवतो की रेल्वे अपघातात हिशेब निराळा असतो: तिकीट काढलेला प्रवासी गाडीत चढताना किंवा उतरताना पडला, तर त्याच्या हलगर्जीपणाचे कारण देऊन भरपाई नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

लोकअदालतीत विमा कंपनीने ८ लाख ७५ हजार रुपयांचा प्रस्ताव ठेवला तेव्हा घरात अनेकांना तो घ्यावासा वाटला, कारण रुग्णालयाची उधारी डोक्यावर होती. कार्यालयाने त्या आधीच एक हिशेबपत्रक तयार करून ठेवले होते. मासिक उत्पन्न १५,००० रुपये धरले. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसासाठी प्रणय सेठी प्रकरणातील २०१७ च्या निकालाप्रमाणे ४० टक्के भावी वाढ मिळवून ते २१,००० झाले. वर्षाचे २,५२,००० रुपये. वय २९ म्हणून सरला वर्मा प्रकरणातील २००९ च्या तक्त्याप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचे तो आकडा, १७. आणि कामावर परिणाम करणारे अपंगत्व ३० टक्के धरून भावी उत्पन्नाचे नुकसान १२,८५,२०० रुपये आले. औषधोपचार, वेदना, प्रवास, शुश्रूषा यांचे ४,९६,००० रुपये मिळवून एकूण १७,८१,२०० रुपये झाले. या बेरजेचा निम्मा भाग ८,९०,६०० रुपये होतो, आणि कंपनीचा प्रस्ताव त्याच्या जवळपास होता. प्रस्तावात टक्केवारीचा उल्लेख कोठेही नव्हता. कंपनीने भाच्याचा दोष निम्मा धरला आहे हे हिशेबपत्रक शेजारी ठेवल्यावरच उघड झाले. या बेरजेत दोषाचा एकेक टक्का १७,८१२ रुपयांचा होता. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, त्यामुळे तेथे सही करण्यापूर्वी अशा पत्रकाची किंमत फार मोठी असते, आणि आम्ही प्रस्ताव नाकारला तो त्याच पत्रकाच्या आधारावर.

अपंगत्वाच्या बाबतीत त्यांनी फार वेळ घेतला नाही, पण नेमके काम केले. वैद्यकीय प्रमाणपत्रातील टक्केवारी एका पायाची असते आणि भरपाईसाठी त्या माणसाच्या धंद्यावर झालेला परिणाम पाहावा लागतो, हे २०११ च्या राजकुमार प्रकरणाने घालून दिलेले सूत्र आहे. भाचा विहिरीच्या कठड्यावर उकिडवा बसून मोटार ओढू शकत नाही हे त्यांनी डॉक्टरांच्या आणि मोटार-दुकानदाराच्या साक्षीतून मांडले.

न्यायाधिकरणाने भाच्यावर वीस टक्के आणि ट्रॅक्टरचालकावर ऐंशी टक्के दोष ठेवला. रकमेचे आकडे पत्रकाच्या जवळपास राहिले आणि त्यावर अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळाले. वीस टक्क्यांची कपात उत्पन्नाच्या नुकसानीपुरती राहत नाही, ती रुग्णालयाच्या बिलांसह संपूर्ण बेरजेवर लागते, आणि जी बिले आम्ही पै न पै भरली होती त्यांचाही पाचवा भाग आमच्याकडेच राहिला. हे आम्हाला निवाडा वाचताना कळले. कार्यालयाने ते आधी सांगायला हवे होते. सांगितले असते तर घरातील उधारीचे नियोजन आम्ही वेगळे केले असते.

याहून गंभीर तक्रार शपथपत्राविषयी आहे. ते इंग्रजीत तयार झाले, सहीच्या दिवशी घाईने मराठीत वाचून दाखवले गेले, आणि त्यात ट्रॉली रस्त्याच्या डाव्या बाजूस उभी होती एवढेच लिहिलेले होते. तिचे चाक डांबरावर होते हे वाक्य राहून गेले. उलटतपासणीत विमा कंपनीने नेमके हेच धरले की ट्रॉली डांबरावर होती असे अर्जदाराने स्वतः शपथेवर कोठेच म्हटलेले नाही. छायाचित्राने बाजू सावरली, तरी भाच्याच्या दोषाची टक्केवारी ठरवताना त्या त्रुटीचा परिणाम झाला असावा असे मला निवाड्यातील चर्चेवरून वाटते. दहा टक्के दोष धरला गेला असता तर तो मला न्याय्य वाटला असता. ज्या कार्यालयाने जागेवर जाऊन डांबराची रुंदी मोजली, त्यानेच ती गोष्ट शपथपत्रात लिहू नये, ही चूक क्षुल्लक म्हणता येत नाही. शपथपत्र अर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे, त्याचा मसुदा घरी नेऊन वाचायला मिळावा, आणि अपघाताच्या जागेचे वर्णन करणारा परिच्छेद अर्जदाराने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला असावा, अशी माझी त्या कार्यालयाला आग्रहाची सूचना आहे, आणि मी ती त्यांना समक्षही दिली आहे.

फीविषयी तक्रार नाही. मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे वकिलांना व्यावसायिक नियमांनी वर्ज्य आहे, आणि या कार्यालयाने ठरावीक फी टप्प्याटप्प्याने घेतली व प्रत्येक वेळी पावती दिली. नकला, नोटरी, साक्षीदारांचा प्रवास हे खर्च मात्र वेगळे होते आणि त्यांचे कलमवार पत्रक मागितल्यावरच मिळाले. तारखेच्या आदल्या दिवशी फोन लागत नाही, निरोप लिपिकाकडून येतो आणि तो कधी कधी उशिरा येतो.

ज्याच्या अपघातात स्वतःचीही थोडी चूक आहे आणि ती मान्य करून उरलेल्या दोषासाठी ज्याला नेटाने लढायचे आहे, त्याला हे कार्यालय योग्य वाटेल. ज्याला खोटा आकडा लिहून हवा आहे, त्याने तेथे जाऊ नये, कारण ते लिहून देणार नाहीत. जाताना फिर्याद, पंचनामा, उपचाराची सगळी बिले, उत्पन्न दाखवणाऱ्या बँकेच्या नोंदी आणि अपघातस्थळाची छायाचित्रे ज्या फोनमध्ये काढली तो फोन सोबत न्यावा. आणि लोकअदालतीत कोणताही प्रस्ताव आला तर त्यात आपला दोष किती टक्के धरला आहे, हे वकिलांकडून कागदावर लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. विमा कंपनीने आमच्या निवाड्याविरुद्ध औरंगाबाद खंडपीठात अपील केलेले नाही, आणि नव्वद दिवसांची मुदत संपली आहे. मित्राचा दावा दुसऱ्या वकिलांकडे अजून साक्षीच्या टप्प्यावर आहे.